दिवसा लावलेलं दार

मला नको तेव्हा हसू येतं. शाळेत प्रार्थनेच्या वेळी यायचं, मावसबहिणीच्या पाठवणीत आलं, आणि एम.ए.च्या तोंडी परीक्षेत परीक्षकांनी "चिंता म्हणजे काय?" असं विचारलं तेव्हा तर असं आलं की त्यांनी मला पाणी दिलं. मानसशास्त्र शिकलेल्या बाईला हे शोभत नाही, असं आई म्हणायची. मलाही ते पटायचं, पण हसू माझं ऐकत नसे.

ऐंशीचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. आम्ही मूळचे साताऱ्याकडचे. वडील बोईसरला एका कारखान्यात होते आणि आम्ही कारखान्याच्या वसाहतीत राहायचो. चार मजल्यांच्या इमारती, प्रत्येक मजल्यावर चार दारं आणि चारही दारं दिवसभर बंद. धूळ येते म्हणून बंद, सुक्या मासळीचा वास येतो म्हणून बंद, आणि शेजारच्या बाईला आपली भांडणं ऐकू जातात म्हणून तर अगदी कडी लावून बंद. दार उघडं टाकून बसणारं बिऱ्हाड आमच्यात अडाणी समजलं जायचं. मी अशा बंद दारांआड लहानाची मोठी झाले, हे इथेच सांगून ठेवते, कारण पुढचा सगळा गोंधळ त्यातून झाला.

एम.ए. होऊन घरी बसले होते तेव्हा मुंबईच्या एका प्राध्यापकांना किनाऱ्यावरच्या बायकांच्या मानसिक आरोग्याचा अभ्यास करायला 'स्थानिक' मुलगी हवी होती. मी बोईसरला राहत होते म्हणून स्थानिक ठरले! समुद्रावर मी तोवर फक्त सहलीला गेले होते, तेसुद्धा भेळ घेऊन. सरांनी मला सायक्लोस्टाइल केलेले फॉर्म दिले, एक मोठी चामड्याची पिशवी दिली आणि सूचनांचा कागद दिला. त्यात एका वाक्याखाली लाल पेन्सिलीनं दोनदा रेघ मारली होती. मुलाखत एकांतात घ्यावी, दार बंद असावे, तिसरी व्यक्ती हजर नसावी. सर म्हणाले, "बाकी काहीही चुकलं तरी चालेल, हे चुकता कामा नये. माणूस मनातलं बोलतं ते फक्त बंद दाराआड." मला हे इतकं पटलं की मी ते वाक्य वहीच्या पहिल्या पानावर उतरून काढलं.

बोईसरहून एसटीची लाल गाडी पकडायची. पाम गाव मागे पडलं की वाऱ्याला खारट वास यायचा, आणि शेवटच्या थांब्यावर उतरलं की तो वास सरळ केसांत जाऊन बसायचा. दिवाळी होऊन गेली होती. बोंबील वाळवायचे दिवस. गावापुढच्या मोकळ्या जागेत, ज्याला ते खळा म्हणतात, बांबू रोवून दोऱ्या ताणलेल्या होत्या आणि त्यांच्यावर ओळीनं बोंबील लटकत होते. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि ती जोडी दोरीवर टाकायची. बायका हातांकडे बघतही नव्हत्या. हात आपले चालत होते आणि तोंडं त्याहून जोरात.

पहिला आठवडा मी नुसती फिरले. "मावशी, जरा आत येता का? पाच मिनिटं बोलायचंय," असं म्हटलं की मावशी यायची, तिच्या मागून जाऊ यायची, जावेच्या मागून दोन पोरी यायच्या आणि सगळ्यांच्या मागून एक कोंबडी यायची. मी म्हणायची, "एकटीनंच यायचं." त्या म्हणायच्या, "एकटीशीच बोल नं, आमी काय बोलतो? आमी बसल्याव." मी दार लावायला गेले की सगळ्या उठून बाहेर. चहा मिळायचा, ताडगोळे मिळायचे, एकदा सुक्या जवळ्याची पुडी मिळाली जी आईनं गॅलरीतून फेकून दिली. फॉर्म मात्र कोरे होते. सरांना पत्र लिहायला बसले की पहिल्या ओळीतच पेन थांबायचं.

मग ती आली. एकोणीस-वीस वर्षांची मुलगी, खळ्याच्या अगदी कडेच्या घरातली. तिचं लग्न ठरलं होतं. खाडीपलीकडच्या गावातल्या मुलाशी सोयरीक झालेली, नारळ दिला-घेतलेला, दीड महिन्यावर हळद. ती स्वतःहून म्हणाली, "बाय, मी येते एकटी. लाव दरवाजा." मला तिला मिठीच मारावीशी वाटली. तिची आई खळ्यावर होती. आम्ही तिच्या घरात गेलो, मी दार लावलं, कडी घातली आणि भर दुपारी, दोन चटया अंथरून, कंदिलाच्या उजेडात माझी पहिली शास्त्रशुद्ध मुलाखत सुरू झाली.

तिनं एकाही प्रश्नाचं उत्तर दिलं नाही. तिला एकच गोष्ट सांगायची होती, ती सांगून ती रडली, मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, "कोनाला बोलशील तर तुना माझी शप्पत." मी वचन दिलं. ती काय बोलली ते आता लिहायला हरकत नाही, कारण पुढे तिनं स्वतःच सगळ्या जगाला सांगून टाकलं. तिला होडीची भीती वाटायची. लहानपणी कधी बुडता बुडता वाचली वगैरे काहीच झालेलं नव्हतं, नुसतीच वाटायची. बाप होडीवर, दोन भाऊ होडीवर, आणि हिला होडीत पाय टाकला की पुन्हा काठावर उडी मारावीशी वाटायची. सासर खाडीपलीकडे. होडीनं गेलं तर पंधरा मिनिटं, रस्त्यानं जायचं तर बोईसर, पालघर असा सगळा वळसा घालून अर्धा दिवस. लग्नाची वरात होडीतूनच जाते, माहेरी यायचं तरी होडीतून. कोळ्याच्या पोरीनं हे सांगायचं कोणाला?

तासाभरानं मी दार उघडलं. बाहेर सगळी गल्ली उभी होती. कोणीही काही बोलत नव्हतं, कोंबडीसुद्धा. मला वाटलं, शास्त्राचा दबदबा! मी सगळ्यांकडे बघून हसले, पिशवी खांद्याला मारली आणि एसटीत बसून घरापर्यंत गुणगुणत आले.

मधले चार दिवस सरांनी मला वाणगावला पाठवलं, तिथल्या मिरचीच्या मळ्यांवर याच कामासाठी. पाचव्या दिवशी परत आले तर खळ्यावर एकही "बाय, आली?" ऐकू आलं नाही. ज्या मावश्यांनी मला ताडगोळे सोलून दिले होते त्या माझ्याकडे पाठ करून उभ्या. मी मुलीच्या आईकडे गेले. तिच्या हातात ओले बोंबील होते. ती वळली आणि तिनं एका दमात सांगितलं.

"दिवसाचा दरवाजा आमच्याकडं दोन वेलेलाच लावतात. येक, घरात भगत बसला का. नायतर कोन बाय बालंत व्हायला बसली का. तू काय भगत नाय. तू पिशवी घेऊन आली. तास झाला, पोर रडली, मग दरवाजा उघडला आनि तू हसत गेली!"

अर्ध्या गल्लीचं म्हणणं पडलं होतं की मुलीला बाहेरची बाधा आहे आणि मी शहरातली भगतीण. उरलेल्या अर्ध्या गल्लीनं मला सुईण ठरवलं होतं, आणि ते त्याहून वाईट होतं. दोन्ही बातम्या पहिल्याच होडीनं खाडीपलीकडे गेल्या. मुलाच्या आईनं निरोप धाडला होता, सोमवारी येते आणि नारळ परत करते. नारळ परत आला की सोयरीक मोडली. आणि अशी मोडलेली सोयरीक पुन्हा कुठे जुळत नाही, हे मुलीच्या आईनं मला वेगळं सांगितलं नाही, पण सगळ्या खळ्याला ते माहीत होतं.

मला हे सगळं कळत होतं. आणि तरीही, मी आणि बाळंतपण, माझी पिशवी, आत फॉर्म, वर सरांची लाल रेघ, हे सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं आणि मला हसू फुटलं. बारीक नाही, चांगलं मोठ्यानं.

तिनं हातातला ओला बोंबील माझ्या गालावर हाणला.

त्याचा आवाज होतो, हे मला ठाऊक नव्हतं. बुळबुळीत, थंड, आणि वास आठवडाभर जात नाही. माझं हसू जागच्या जागी थांबलं आणि मी तिथेच, त्या वाळूत, भोकाड पसरलं. रडता रडता मला एवढंच म्हणता येत होतं, "असं काही नाही हो, तसं काही नाही."

"मग काय हाय? काय बोलली ती?"

दाराआडून मुलगी माझ्याकडे बघत होती. तिनं मान हलवली. नको. मी एक वाक्य बोलले असते तर तिचं लग्न वाचलं असतं. निदान तेव्हा मला तसं वाटलं. पण ते वाक्य माझं नव्हतं. मी म्हणाले, "ते मी सांगू शकत नाही." हे ऐकल्यावर उरलेला अर्धा खळासुद्धा वाईट बातमीच्या बाजूला गेला.

तेव्हा गावातली सगळ्यांत थोरली आजी, जी खळ्याच्या टोकाला बसून तुटकी जाळी शिवायची आणि आठवडाभर माझ्याशी एक अक्षर बोलली नव्हती, ती म्हणाली, "हिला रडू नका देऊ. हिच्या हाताला काम द्या."

कोणीतरी माझ्यापुढे टोपली सरकवली. आजीनं मला जबडे कसे अडकवायचे ते दाखवलं. माझं बोट पहिल्याच बोंबलाच्या दातात गेलं. बायका हसल्या नाहीत, पण हसायच्या बेतात होत्या, ते मला कळलं. आजी म्हणाली, "इकडं दुःख बोलायचं तं हात चालू पायजेत. हात थांबवून बोललं का ते दुखनं होतं. तू आमाला चटईवर बसवते, हात मांडीत ठेव म्हनते, दरवाजा लावते. मरनाच्या घरी बसल्यासारखं. कोन बोलंल तुझ्याशी?"

मी सूचनांचा कागद आठवला. एकांत. दार. तिसरी व्यक्ती. मी म्हणाले, "पण आजी, सगळ्यांसमोर मनातलं कोण बोलेल?"

"तू इचार तं खरी. हिला येकटीला इचारलं म्हनून ही येडी ठरली. सगल्यांना इचारशील तं येडी कोन? आनि सोमवारी विहीन येल, तिला बी इचार."

मला वाटतं, मानसशास्त्रातली माझी खरी तोंडी परीक्षा तीच. त्यात मी रडत होते, एवढाच फरक.

शनिवारपासून सुरू केलं. फॉर्म टोपलीखाली ठेवला, वाऱ्यानं उडू नये म्हणून, आणि बोंबील अडकवत अडकवत एकेक प्रश्न मोठ्यानं विचारायला लागले. प्रश्न परदेशातल्या कुठल्या तरी फॉर्मवरून मराठीत आणलेले होते. "आपणांस विनाकारण रडू येते काय?" मी विचारलं. मग एक जण म्हणाली, "विनाकारन? कारन काय कमी हायत का?" आणि मग कारणांचा जो पाऊस पडला त्यात हो, नाही आणि सांगता येत नाही ही तिन्ही उत्तरं वाहून गेली. "समोर नसलेल्या व्यक्तीशी आपण बोलता काय?" ह्या प्रश्नाला सगळ्या एकदम हो म्हणाल्या. सगळ्या! दुपार कलली की किनाऱ्यावर जाऊन समुद्रातल्या नवऱ्याशी बोलायचं, ही तिथली रीतच. शिव्याही तिथूनच द्यायच्या, म्हणजे माणूस घरी येईतो राग निवलेला असतो. माझ्या गुणांच्या तक्त्याप्रमाणे या एका उत्तरावर अख्खं गाव वेड्यांच्या इस्पितळात धाडायला हवं होतं. मी हे त्यांना सांगितलं. पहिल्यांदाच त्या माझ्याबरोबर हसल्या, आणि मुलीची आईसुद्धा, तोंड दुसरीकडे करून.

सोमवार उजाडला. सकाळच्या गाडीनं, आगाऊ काहीही न कळवता, सर आले.

पांढरी पँट, चकचकीत बूट, हातात छत्री. मी खळ्यावर फतकल मारून बसलेली, केसांत खवले, भोवती पंचवीस बायका, आणि मी ओरडून विचारते आहे, "आपणांस झोप न लागण्याची तक्रार आहे काय?" सरांनी आधी मला ओळखलंच नाही. ओळखल्यावर त्यांचा चेहरा पडला तो पडलाच. ते हळू आवाजात म्हणाले, "हे काय चाललंय? एकांत कुठे आहे? यातलं एकही उत्तर मला वापरता येणार नाही. तुम्ही हे काम सोडलेलं बरं." मी काही बोलायच्या आत आजीनं पाट सरकवला. "बसा मास्तर. हात रिकामा ठेवू नका." आणि सरांच्या पुढ्यात टोपली आली. सर बसले. थोरल्या बाईनं बस म्हटल्यावर उभं राहायची त्यांचीही टाप नव्हती.

तेवढ्यात खाडीच्या बाजूनं मुलाची आई आली. हिरवं लुगडं, घट्ट अंबाडा, छातीशी धरलेला नारळ. ती सरळ मुलीच्या आईकडे निघाली. मुलीची आई हातातली टोपली तशीच सोडून उभी राहिली. नारळ खाली ठेवला की संपलं. आजी वर न बघता म्हणाली, "आली? बस. नारल मागनं दे. आमचे परश्न चाललेत."

"कसले परश्न?"

"सगल्यांचे. तुझ्या सुनंला इचारलेले."

'तुझ्या सुनंला' हे आजीनं इतकं सहज म्हटलं की विहीणबाई अडकल्या. उभं राहावं की बसावं ते त्यांना कळेना. शेवटी नारळ मांडीवर घेऊन त्या कडेला टेकल्या. कोणीतरी त्यांच्यापुढेही टोपली ठेवली. हात आपोआप चालायला लागले. सवय ती सवय.

फॉर्मवर पुढचा प्रश्न होता, जी कोणास सांगता येत नाही अशी भीती आपणांस वाटते काय? मी विचारला. एक जण म्हणाली तिला विजेच्या बटणाची वाटते, ती अजून लाकडी काठीनं दाबते. एक म्हणाली, नवऱ्याच्या घोरण्याची नाही, घोरणं थांबलं की वाटते. आजी म्हणाली, "मना दातांच्या डाक्टरची," आणि तोंड उघडून दाखवलं, त्यात एकही दात नव्हता. खळा हसून लोळला. मग कोणीतरी सरांना विचारलं, "मास्तर, तुमाला?" सर हातातले दोन बोंबील जुळवत होते. ते काही केल्या एकमेकांत अडकत नव्हते. म्हणाले, "मला... वर्गात गेल्यावर. रोज. पहिली दोन मिनिटं." वीस वर्षं शिकवणारा माणूस! मी तोंड उघडं टाकून बघत राहिले.

"आनि बाय, तुना?"

मी काही ठरवलं नव्हतं. तोंडून निघून गेलं. "माझे प्रश्न संपले, की मग माणसांशी काय बोलायचं याची." हे मी तोवर स्वतःशीही बोलले नव्हते. शेजारच्या मावशीनं, हात न थांबवता, कोपरानं मला ढोसलं.

आणि मग दाराच्या चौकटीतून आवाज आला. "मना होडीची."

सगळे वळले. मुलगी उंबऱ्यात उभी होती. म्हणाली, "मना होडीची भीती वाटते. पान्याची. दरवाजा लावून मी हेच बोलले. बाधा नाय न काय नाय. वरातीला होडीत कशी बसू, म्हनून रडले."

दोरीवरचे बोंबील तेवढे वाजत होते. वाऱ्यानं ते एकमेकांवर घासतात तेव्हा सुकलेल्या पानांसारखे वाजतात. मुलीच्या आईनं कपाळाला हात लावला. मला वाटलं, झालं, आता हे त्याहून वाईट. बाधा उतरवता येते. होडीला घाबरणारी सून कोळ्याच्या घरात कोण घेईल? सगळ्यांचे डोळे विहीणबाईंच्या मांडीवरच्या नारळावर.

विहीणबाईंनी हातातली जोडी अडकवली. दोरीवर टाकली. दुसरी घेतली. आणि खाली बघतच म्हणाल्या, "मी लगीन होऊन गेले ती डोले मिटून गेले."

कोणालाच काही कळलं नाही.

"होडीत. डोले मिटले ते पलीकडं उघडले. तीस वरीस झाले. बाजाराला येते, लग्नाला येते, मयताला येते. डोले मिटून. माझ्या नवऱ्याला वाटतं, मी देवाचं नाव घेते." त्यांनी आणखी एक जोडी दोरीवर टाकली. "आज बी मिटूनच आले."

पहिलं कोण हसलं ते मला सांगता येणार नाही. मी नव्हते, शपथेवर सांगते. बहुतेक आजी. मग सगळा खळाच फुटला. विहीणबाई हसता हसता डोळे पुसत होत्या, मुलीची आई त्यांच्या पाठीवर थापा मारत होती, आणि मुलगी उंबऱ्यातच खाली बसली, दोन्ही हातांनी तोंड झाकून. तिचे खांदे हलत होते. ती हसते आहे की रडते आहे ते मला कळेना, आणि फॉर्मवर त्यासाठी जागा नव्हती.

नारळाचं काय करायचं ते आजीनं ठरवलं. परत घेऊन जाणं बरं नव्हे, परत करणं तर नकोच. तिथेच दगडावर फोडला आणि खोबरं वाटलं. सरांनाही एक तुकडा मिळाला. ते तो हातात धरून बसले, मग खाल्ला, मग आणखी मागितला.

परतीच्या गाडीत सर बूट काढून झटकत होते. ते वाळूनं भरले होते. पाम येईपर्यंत मी त्यांना त्या बंद दाराची सगळी गोष्ट सांगितली, आणि मग त्यांनी सूचनांचा कागद मागून घेतला, लाल रेघेकडे बघितलं आणि म्हणाले, "गुप्तता पाळलीत तुम्ही. दार उघडं ठेवून." मग कागदाची घडी घालत, "मला वाटलं होतं, दार लावलं की ती आपोआप पाळली जाते." काम सोडायचं ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या फेरीच्या फॉर्मसाठी प्रश्न तयार करायला ते पुन्हा आले, आणि येताना बूट न घालता चपला घालून आले. नवे प्रश्न त्या बायकांनीच घातले. त्यांतला एकही सायक्लोस्टाइलच्या मराठीत नव्हता.

त्या सोमवारी संध्याकाळी घरी आले ती मी आमचं दार उघडंच टाकलं. मला तो प्रयोग करून बघायचा होता. पाच मिनिटांत समोरच्या बिऱ्हाडातल्या काकू धावत आल्या. "काय झालं? कोणाला काही झालं का? दार उघडं दिसलं म्हणून आले!" म्हणजे आमच्याकडे उघडं दार हीच वाईट बातमी. मी पोट धरधरून हसले. आईनं आधी माझ्याकडे रागानं बघितलं, मग काकूंकडे, आणि काय वाटलं कोण जाणे, मेथीची जुडी दोघींच्या मध्ये ठेवली. इतकी वर्षं एका मजल्यावर राहून त्या दोघी पहिल्यांदा एकत्र बसल्या. जुडी संपली तरी काकू उठल्या नाहीत. आईनं मग लसूण काढला.

त्यानंतर मी खूप वर्षं हे काम केलं, बोईसरच्या कामगार वस्त्यांत, हिंदी बोलणाऱ्या बायांच्या खोल्यांमधून, आत डोंगराकडच्या पाड्यांवर. प्रत्येक ठिकाणी दार कधी लावतात आणि कधी उघडतात हे आधी विचारलं. हात रिकामे ठेवून कधी बसले नाही. भाकऱ्या थापायला शिकले, त्याही गोल झाल्या नाहीत.

पण मला आठवतं ते लग्न. मुलीनं हट्ट धरला की पाठराखीण म्हणून बायच पाहिजे. मला पोहता येत नाही, हे मी कोणालाही सांगितलं नव्हतं. झेंडूच्या माळा लावलेली होडी, पुढे बाजा, मागे सगळी वरात दुसऱ्या होड्यांत. मुलीनं एक पाय होडीत टाकला आणि होडी हलली. तिनं माझा हात असा धरला की बांगडी वाकली. पलीकडे सासूबाई बसल्या होत्या. त्यांनी तिचा दुसरा हात घेतला. "मिट," त्या म्हणाल्या, आणि स्वतःही मिटले. नवी नवरी आणि तिची सासू, दोघी डोळे घट्ट मिटून, नटूनथटून, भर दुपारच्या उन्हात. सगळं गाव बघत होतं आणि कोणालाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

"बाय, तू मिटू नको," सासूबाई म्हणाल्या. "तू बघ. काय दिसतं ते सांगत राहा."

मी सांगायला लागले. किनारा मागे गेला. तुझी आई पाण्यात गुडघ्यापर्यंत आली आहे, आता थांबली. आजी काठी हलवते आहे. बाजेवाल्याची टोपी पडली, त्याला पत्ता नाही. बगळे आहेत. मी दुसऱ्या हातानं होडीची कड घट्ट धरली होती, पण बोलत राहिलं की पकड सैल होत होती.

"किती झालं?" नवरीनं विचारलं.

"अर्ध्यावर आलो," मी म्हणाले. आलो नव्हतो. अजून पाव खाडीसुद्धा झाली नव्हती.

तिनं एक डोळा उघडला. पाणी बघितलं, मागचा किनारा बघितला, पुढचा बघितला.

"खोटारडी," ती म्हणाली, आणि तो डोळा तिनं तसाच उघडा ठेवला.